मदत हवी आहे: द्राक्षं घातलेली आंबट बिअर कशी प्यायची?

दाजींनी बेल्जियमहून ७५० मिलीची बाटली आणलीय, सेझाँ म्हणजे फार्महाऊस एल (बिअरचाच एक प्रकार), वाइनच्या द्राक्षांसोबत मुरवलेली, ब्रेटानोमायसेस (थोडक्यात ब्रेट) नावाच्या यीस्टवाली. एकच आहे आणि कोल्हापुरात दुसरी कुठनं मिळायची, त्यामुळं प्रयोगाला वाव नाही. फ्रिजमध्ये उभी ठेवलीय, तळाला गाळ बसलाय. प्यायला १० ते १३ डिग्री बरं म्हणतात पण आपला फ्रिज ४ वर, मग किती आधी बाहेर काढू? गाळ ग्लासात घ्यायचा की बाटलीतच सोडायचा? वाइन ग्लास आहेत. तांबड्या रश्श्यापुढं हिची चव काय लागणार, म्हणून चीज आणि खारे काजू ठरवलेत (भाऊ नाराज आहे, असूदे). मेन प्रश्न, ब्रेटमुळं तबेल्यासारखा वास येतो म्हणतात, मग तो वास नॉर्मल की बाटली खराब झालीय हे पहिल्या घोटात ओळखायचं कसं?