मदत हवी आहे: ‘माणूसघाणा’ म्हणजे नक्की कोण?

मंडळी, एका शब्दावर अडले आहे. फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६६ सालच्या ‘ल मिझांत्रोप’ या नाटकावर छोटं टिपण लिहायचंय आणि त्याच्या नायकाला, आल्सेस्तला, मराठीत काय म्हणावं ते ठरत नाही. ‘मिझांत्रोप’ शब्दाचं मूळ ग्रीक: ‘मिसोस’ म्हणजे द्वेष, ‘आंथ्रोपोस’ म्हणजे माणूस. पहिला आठवतो तो अर्थातच ‘माणूसघाणा’. पण आमच्याकडे लग्नाकार्याला न जाणारा, पाहुणे आले की आतल्या खोलीत सटकणारा तो माणूसघाणा. त्याच्या मनात कुणाबद्दल राग असेलच असं नाही (आमचे एक काका तसेच, स्वभावाने अगदी गरीब). आल्सेस्तचं उलटं! तो चारचौघांत वावरतो, सेलिमेन नावाच्या तरुणीवर जीव टाकतो आणि लोकांच्या तोंडदेखल्या गोडव्यापायी अख्ख्या मनुष्यजातीवर चिडतो. ‘मनुष्यद्वेष्टा’ अर्थाने बरोबर, पण फार पुस्तकी. ‘एकलकोंडा’ तर बादच.

तुमच्याकडे ‘माणूसघाणा’ म्हणताना तिरस्कार अभिप्रेत असतो की नुसतं टाळणं? विदर्भ-कोकणातल्यांनी जरूर सांगा. बाईला ‘माणूसघाणी’ सर्रास म्हणतात का? बोलीतला आणखी चपखल शब्द असेल तर फारच उत्तम.