‘करी’ हा शब्द आपल्या ‘कढी’वरून आला आहे का?

कोकणकन्या (प्रश्न)

नमस्कार. आम्ही काही वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहतो. मुलीला शाळेत एका शब्दाचा इतिहास शोधून लिहायचा आहे आणि तिने ‘करी’ हा शब्द निवडला आहे. आमच्या घरात आमटी, कालवण, सार, रस्सा, कढी असे सगळे शब्द रोज ऐकू येतात, पण ‘करी’ हा शब्द कोणी वापरत नाही. त्यामुळे तिला काय सांगावे, हा प्रश्न मला पडला. शोध घेतल्यावर तीन वेगवेगळ्या व्युत्पत्ती वाचायला मिळाल्या. पहिली, तो आपल्या ‘कढी’चा अपभ्रंश आहे, दुसरी, तो तमिळ ‘करि’वरून आला, आणि तिसरी, तो मुळात भारतीय नसून जुन्या इंग्रजीतील ‘क्युरी’ या शब्दाचे रूप आहे. यांपैकी कोणती व्युत्पत्ती पुराव्याला धरून आहे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

चेन्नईवासी

तमिळ ‘करि’ हीच व्युत्पत्ती सर्वांत भक्कम आहे, असे माझे मत आहे. मात्र तमिळमध्ये या शब्दाचा अर्थ ‘रसदार कालवण’ एवढाच होता, असे समजू नये. तमिळ लिपीत ‘र’साठी दोन अक्षरे आहेत. साध्या ‘र’ने लिहिलेला ‘करि’ म्हणजे कोळसा किंवा हत्ती, तर ठसक्याच्या ‘र’ने लिहिलेला ‘करि’ हा आपल्या चर्चेचा शब्द होय. जुन्या तमिळमध्ये या दुसऱ्या शब्दाचा एक अर्थ काळी मिरी असा आहे. संगमकालीन, म्हणजे प्राचीन तमिळ साहित्याच्या काळातील, ‘अकनानूरु’ या काव्यसंग्रहातील १४९व्या कवितेत केरळच्या किनाऱ्यावरील मुसिरी बंदराचे वर्णन आहे. तेथे यवनांची, म्हणजे ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांची, जहाजे सोने घेऊन येतात आणि ‘करि’ घेऊन परत जातात, असे कवी म्हणतो. ही ‘करि’ म्हणजे मिरी. मिरची पोर्तुगीजांच्या काळात भारतात येण्यापूर्वी तिखटपणासाठी मुख्यतः मिरीवरच भिस्त होती, हे लक्षात घेतले तर मिरी लावून केलेल्या पदार्थालाही तेच नाव मिळणे स्वाभाविक वाटते. हे दोन्ही अर्थ एकाच मूळ शब्दाचे आहेत की उच्चार जुळलेले दोन वेगळे शब्द आहेत, यावर वाद घालता येईल, पण मला पहिली शक्यता अधिक पटते.

आजच्या वापराकडे पाहिले तर चित्र आणखी रोचक आहे. तमिळमध्ये ‘काय्करि’ म्हणजे भाजीपाला. नुसते ‘करि’ म्हटले की बऱ्याच घरांत मांस असा अर्थ घेतला जातो. आणि शाकाहारी ब्राह्मण घरांत परतून केलेल्या कोरड्या भाजीलाही ‘करि’च म्हणतात. मल्याळममध्ये मात्र भाताबरोबरचे ओले कालवण हा अर्थ ठळक आहे. सारांश, ‘भाताबरोबर खाण्याचे तोंडीलावणे’ हा या शब्दाचा गाभा असून रस्सा असणे ही त्याची अट नाही.

‘कढी’ हा वेगळ्या घराण्यातील शब्द आहे. संस्कृत ‘क्वथित’, म्हणजे उकळलेले, यापासून प्राकृतात ‘कढिअ’ झाले आणि त्यातून ‘कढी’ आली. आपले ‘कढणे’, ‘कढ येणे’ आणि औषधी ‘काढा’ हे त्याच धातूचे कुटुंबीय आहेत.

गोमंतक

वरील विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु तमिळ प्रदेशातून शब्द सरळ इंग्रजीत गेला, असा वाचकांचा समज होऊ नये म्हणून मधला टप्पा सांगणे आवश्यक वाटते, कारण तो टप्पा गोव्याचा आहे. पोर्तुगीजांनी या शब्दाला ‘कारिल’ असे रूप दिले. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा भारतीय औषधी द्रव्यांवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात नारळाविषयी लिहिताना कोंबडीचे आणि मांसाचे पदार्थ करतात व त्यांना ‘कारिल’ म्हणतात, अशी नोंद आहे. त्यानंतर १५८३पासून काही वर्षे गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोतेन याने मासे रश्श्यात शिजवून तो रस्सा भातावर घालतात, तो कच्च्या द्राक्षांसारखा किंचित आंबट पण रुचकर असतो, असे लिहिले. त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १५९८ साली प्रसिद्ध झाले आणि ‘करी’ शब्दाच्या इंग्रजीतील अगदी आरंभीच्या नोंदींमध्ये त्यातील ‘कारिएल’ या रूपाची गणना होते. गोव्यात किंवा सिंधुदुर्गात वाढलेल्या कोणालाही हे वर्णन वाचताच सोले, बिंबल किंवा कैरी घातलेले माशांचे कालवण डोळ्यांसमोर येईल. १६२३–२४च्या सुमारास आलेला इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले तर लोणी, नारळाचा गर, वेलदोडा, आले, भाज्या आणि ख्रिस्ती लोकांकडे त्यात पडणारे मांस, मासे, अंडी असा सगळा तपशील देतो आणि हे सारे साध्या शिजवलेल्या भातावर ओततात, असे सांगतो. यांपैकी कोणाच्याही वर्णनात ताक किंवा बेसन नाही. कढीचा दावा कमकुवत ठरतो तो मुख्यतः येथे.

‘कारिल’मधील शेवटचा ‘ल’ कोठून आला, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात कानडी ‘करिल’ हे रूप पोर्तुगीजांनी घेतले, असे म्हटले आहे. दुसरे स्पष्टीकरण असे की पोर्तुगीजमध्ये ‘इल’ने संपणाऱ्या नामांचे अनेकवचन ‘इस’ असे होते, त्यामुळे ‘कारिस’ या अनेकवचनावरून ‘कारिल’ हे एकवचन घडवले गेले.

एका मुद्द्यावर मात्र मी थोडा वेगळा विचार मांडतो. आम्ही कोकणीत भातावरच्या नारळाच्या कालवणाला ‘कडी’ म्हणतो आणि ‘शीत-कडी’ हे आमचे रोजचे जेवण आहे. परक्या कानांना ‘ड’ आणि ‘र’ यांतील फरक सहज कळत नाही. तेव्हा शब्दाचे मूळ दाक्षिणात्य असले, तरी गोव्यात आलेल्या पोर्तुगीजांच्या कानावर दक्षिणेची ‘करि’ आणि येथली ‘कडी’ असे दोन्ही शब्द पडले असावेत आणि एकाने दुसऱ्याला बळ दिले असावे, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे. वर दिलेल्या नोंदींइतके त्याचे वजन मानू नये. ‘कारिल’ हे रूप पोर्तुगालमध्ये आणि मोझांबिकमध्ये आजही रूढ आहे.

कोकणकन्या

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न आहे. इंग्रजीत कढीपत्त्याला ‘करीचे पान’ म्हणतात आणि आपण ‘कढीपत्ता’ म्हणतो. मग करी आणि कढी एकच, असे यावरून सिद्ध होत नाही का?

चेन्नईवासी

नाही, ते दोन स्वतंत्र नामकरणांचे फळ आहे. तमिळमध्ये या पानाला ‘करुवेप्पिलै’ किंवा ‘करिवेप्पिलै’ म्हणतात. ‘वेप्पिलै’ म्हणजे कडुलिंबाचे पान. कानडीत ‘करिबेवु’, म्हणजे काळा कडुलिंब. आपल्याकडे ‘कढीलिंब’ हाही शब्द आहे आणि त्यातील ‘लिंब’ हा कडुलिंबच होय. म्हणजे पानांचे कडुलिंबाशी असलेले साम्य तिन्ही भाषांनी टिपले. तमिळ आणि कानडी नावांचा पहिला भाग बहुधा काळेपणा दाखवतो. मराठीने मात्र ते पान ज्या पदार्थाच्या फोडणीत पडते त्या कढीचे नाव जोडले.

जुनी पाकपुस्तके

तिसऱ्या व्युत्पत्तीबद्दल लिहितो. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांच्या नावे सुमारे १३९० सालचा एक पाककृतिसंग्रह आहे, त्याच्या प्रचलित नावात ‘क्युरी’ हा शब्द येतो. तो फ्रेंचमधील ‘शिजवणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी संबंधित असून त्याचा अर्थ पाकक्रिया असा आहे. तो कोणत्याही पदार्थाचे नाव नव्हता, आणि त्यापासून सोळाव्या शतकातल्या गोव्यातील ‘कारिल’पर्यंत जोडणारा एकही दुवा नाही. त्यामुळे ही व्युत्पत्ती मुलीने निःसंकोच बाजूला ठेवावी.

इंग्लंडमधील घरगुती स्वयंपाकात शब्द कसा रुजला, हे पाहण्यासाठी हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेचे १७४७चे पाकपुस्तक उपयोगी आहे. त्यात ‘भारतीय पद्धतीची करी’ अशी कृती आहे आणि पहिल्या आवृत्तीत मसाला म्हणून केवळ मिरी आणि भाजलेले धने आहेत. हळद व आले पुढच्या आवृत्त्यांत आले. पुढे तयार करीपूड विकली जाऊ लागली आणि येथेच शब्दाचा अर्थ खऱ्या अर्थाने बदलला: जे भाताबरोबरच्या तोंडीलावण्याचे नाव होते, ते एका ठरावीक मसाल्याच्या चवीचे नाव झाले. पाटण्याचे दीन मोहम्मद यांनी १८१० साली लंडनमध्ये हिंदुस्थानी खाणावळ काढली, तोपर्यंत हा शब्द तेथे चांगलाच परिचित झाला होता. जपानमधील ‘कारे’ हा पदार्थही थेट भारतातून न जाता ब्रिटिशांमार्फत गेला, म्हणूनच त्यात पीठ लावून दाट केलेला रस्सा असतो.

मुलीला एक सुचवावेसे वाटते. तिने लेखनाची सुरुवात १५९८च्या त्या इंग्रजी भाषांतरातील उताऱ्याने करावी. तो जुन्या वर्तनीत असला तरी शाळकरी मुलाला वाचता येतो, आणि त्याच्या शेजारी घरच्या माशांच्या कालवणाची कृती लिहिली, तर शिक्षकांना तुलना करणे सोपे जाईल.