मदत हवी आहे: आमचा दवाखाना बंद करतायत, अर्ज कुणाला करायचा?

डोंगरपायथा
नमस्कार मंडळी. आमच्या इथला दवाखाना बंद व्हायच्या मार्गावर आहे. भूल देणारे डॉक्टर गेले, तेव्हापासून ऑपरेशन थिएटरला कुलूप. आता सिस्टर म्हणतात, बाळंतपणंसुद्धा जिल्ह्यालाच पाठवायची. पाऊस सुरू झालाय, घाटात दरड आली की जिल्ह्याला जायचं कसं? सरपंच, ग्रामसेवक, सगळ्यांना विचारून झालं. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अर्ज कुणाच्या नावाने करायचा आणि त्यात काय लिहायचं एवढंच सांगा. लवकर सांगा, वेळ नाही.

तापीकाठ
दवाखाना म्हणजे काय? प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय की उपजिल्हा रुग्णालय? आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, त्याचा अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाचं, ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली आणि त्यांच्या वर नाशिकचे आरोग्य उपसंचालक. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज महिनाभर तिथेच पडून राहतो. तालुकाही सांगा.

डोंगरपायथा
थिएटर आहे म्हटल्यावर ग्रामीण रुग्णालयच असणार ना. ३० खाटांचं. तालुका लिहीत नाही, मावशीची सून तिथेच कंत्राटी नर्स आहे, तिच्यावर यायला नको. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याकडे, एवढं पुरे.

हडपसरचा खान्देशी
व्हिडिओ काढा. कुलूप दाखवा, बाहेर बसलेल्या बाया दाखवा आणि आरोग्यमंत्र्यांना टॅग करून टाका. आमच्या गावच्या ट्रान्सफॉर्मरचं काम असंच झालं, आठ दिवसांत नवीन बसला. अर्जबिर्ज करत बसाल तर दिवाळी येईल.

अर्जदार
व्हिडिओने कुणाला नोकरी सोडून गेलेला भूलतज्ज्ञ परत मिळत नाही. माहिती अधिकार टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. तीन गोष्टी मागा: मंजूर पदं किती आणि भरलेली किती, सेवा बंद करण्याच्या लेखी आदेशाची प्रत, आणि गेल्या वर्षभरातल्या सिझरची महिनावार संख्या. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जीविताचा प्रश्न असेल तर कलम ७(१) प्रमाणे ४८ तासांत. अर्जावर तसं ठळक लिहा.

निवृत्त परिचारिका
माहिती अधिकार टाका, माझी हरकत नाही. पण या दादांना घाई कसली आहे ते कुणीच विचारलं नाही. दादा, घरात कुणी बाळंतपणाला आहे का?

डोंगरपायथा
हो, बहीण. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली ती इथेच आहे. तारीख श्रावणातली दिलीय.

निवृत्त परिचारिका
कितवी खेप? पहिलं बाळंतपण कसं झालं, कुठे झालं? हिमोग्लोबिन किती? रक्तगट कोणता? सोनोग्राफी झाली का?

डोंगरपायथा
ताई, मी अर्जाचं विचारतोय. दुसरी खेप. पहिलीला सुरतला सिझर झालं होतं, मेहुणे तिकडे लूमवर आहेत. कागद सगळे तिकडेच. बाकी तब्येत चांगली आहे, शेतात जाते-येते.

निवृत्त परिचारिका
दादा, सिझरचं तुम्ही पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. आधी सिझर झालेली बाई आणि पहिल्यांदा नॉर्मल झालेली बाई यांचा हिशोब वेगळा. कळा सुरू झाल्यावर जुनी शिवण उसवायचा धोका असतो, आणि तसं झालं तर आई आणि बाळ दोघांच्या हातात फार थोडा वेळ उरतो. अशा बाईने नॉर्मलची वाट बघायची असेल तरी ती जिथे त्या क्षणी ऑपरेशन होऊ शकतं अशाच ठिकाणी. दरड पडो न पडो, कळा यायची वाट बघत घरी बसायचं नाही. तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी तिला जिल्ह्याच्या गावी किंवा मेडिकल कॉलेजजवळ कुणा नातेवाइकाकडे नेऊन ठेवा. त्याआधी एकदा तिथल्या ओपीडीत दाखवून नोंद करून घ्या.
आणि यातलं काही झालं तर एक मिनिट थांबू नका: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, कळांच्या मध्येही पोट न सोडता दुखत राहणं, टाक्यांच्या जागी दुखणं, बाळाची हालचाल कमी वाटणं.

पावरा मास्तर
माहेरघर योजना आहे की. आदिवासी तालुक्यांत आरोग्य केंद्रातच बाईला काही दिवस आधी आणून ठेवतात, सोबत एक माणूसही राहू शकतो. आमच्या पाड्यावरच्या बऱ्याच जणी गेल्यात.

निवृत्त परिचारिका
मास्तर, योजना चांगली आहे, मी स्वतः बायांना तिथे आणून ठेवलंय. पण माहेरघर आरोग्य केंद्राला जोडलेलं, आणि आरोग्य केंद्रात सिझर होत नाही. या बहिणीसाठी ते कामाचं नाही.

शिरपूरकर
कशाला एवढी यातायात? शहादा, शिरपूर, धुळे, कुठेही खासगीत न्या. माझ्या वहिनीचं सिझर खासगीतच झालं, पाचव्या दिवशी घरी. सरकारीत जीव टांगणीला लावण्यापेक्षा चार पैसे गेलेले परवडतात. आयुष्मान कार्ड मात्र आधी काढून घ्या.

तापीकाठ
ज्याला परवडतं त्याला परवडतं. लूमवरच्या माणसाला चार पैसे म्हणजे किती महिन्यांची उधारी, याचाही विचार करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला कार्ड लागतच नाही. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण, घरापासून दवाखान्यापर्यंत गाडी, तिथून पुढे पाठवलं तर ती गाडी आणि परत घरी सोडायची गाडी, सगळं मोफत. सासर गुजरातचं असलं तरी नाकारता येत नाही.

शिरपूरकर
कागदावर सगळंच मोफत असतं. गाडी येईपर्यंत बाई रस्त्यात बाळंत होते, हे तुम्हीही ऐकलं असेल. मी वाईट सांगत नाहीये, जे बघितलं ते सांगतोय.

बंधपत्रित डॉक्टर
सातपुड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात बंधपत्राचं वर्ष, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा, काढलंय, म्हणून लिहितो. ज्या दवाखान्यात चोवीस तास सिझर, नवजात बाळाची काळजी आणि रक्त साठवणूक या तीन गोष्टी असतात, त्यालाच प्रथम संदर्भ केंद्र म्हणतात. तिघांतली एक गेली की उरलेल्या दोन टिकत नाहीत. भूलतज्ज्ञ गेला की सिझर थांबतं. सिझर थांबलं की रक्ताच्या पिशव्या कुणी वापरत नाही. त्या ३५-४२ दिवसांत बाद होतात, आणि पुढच्या वेळी रक्तपेढी पाठवताना हात आखडते. स्त्रीरोगतज्ज्ञाला काम उरत नाही, त्याची प्रतिनियुक्ती, म्हणजे तात्पुरती नेमणूक, जिल्ह्याला होते. वर्षाअखेर अहवालात दिसतं ते एवढंच की इथे सिझर शून्य, म्हणजे मागणी शून्य. दवाखाना बंद केल्याचा आदेश कधीच निघत नाही, म्हणून अर्जदार यांनी मागायला सांगितलेली आदेशाची प्रत बहुधा मिळणार नाही.
त्यामुळे परत पाठवलेल्या प्रत्येक बाईची संदर्भ चिठ्ठी, म्हणजे पुढच्या दवाखान्यात पाठवल्याचा कागद, मागून घ्या. त्यावर तारीख, वेळ आणि कारण हवं: "भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही". तोंडी "जिल्ह्याला न्या" ऐकून निघायचं नाही. ज्या बाया चिठ्ठीशिवाय गेल्या, त्या सरकारच्या हिशोबी आल्याच नव्हत्या. चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स अर्जाला जोडा.

अर्जदार
आदेश अस्तित्वात नाही, असं त्यांना लेखी द्यायला लावणं हेही मोठं काम आहे. आदेश नसेल तर सेवा कुणाच्या सांगण्यावरून थांबली, हा पुढचा प्रश्न विचारता येतो. आणि डॉक्टरसाहेब, तुम्ही वर्षभर राहून निघून गेलात, तसेच सगळे जातात. मुळात रोग तो आहे.

बंधपत्रित डॉक्टर
एकटा भूलतज्ज्ञ वर्षभर चोवीस तास, रजेशिवाय, मुलांच्या शाळेची सोय नाही अशा ठिकाणी राहणार नाही. दोन जण द्या, राहतील. किंवा जवळच्या शहरातल्या खासगी भूलतज्ज्ञाला दर केसप्रमाणे मानधन देऊन बोलवा, त्याची तरतूद आहे. तिसरा मार्ग म्हणजे तिथल्याच एमबीबीएस डॉक्टरला जीवरक्षक भूल देण्याच्या प्रशिक्षणाला पाठवणं. अर्जात "डॉक्टर द्या" असं मोघम लिहू नका. हे तिन्ही पर्याय लिहा, म्हणजे "पद रिक्त आहे" एवढं म्हणून सुटता येणार नाही.

नंदुरबारी
मूळ प्रश्न रस्त्याचा आहे. चांदसैली घाट घ्या, देवगोई घाट घ्या, दर पावसाळ्यात तेच. कित्येक पाड्यांवरून अजून बांबूची झोळी करून बाईला रस्त्यापर्यंत आणतात. नर्मदेकाठी तर बोटीची ॲम्ब्युलन्स. १९९८ ला जिल्हा वेगळा झाला, मेडिकल कॉलेजही आलं, पण कॉलेज जिल्ह्याच्या गावात आणि बाई डोंगरात.

तापीकाठ
रस्ता होईल तेव्हा होईल. रस्ता खराब आहे म्हणूनच वरचा दवाखाना चालू राहायला हवा, असं अर्जात लिहा.

केळीवाला रावेर
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, नवीन धागा काढत नाही. आमच्या आरोग्य केंद्रात साप चावल्याचं इंजेक्शन ठेवतात का हे आधी कळायला काही मार्ग आहे का? बागेत मजूर असतात, या दिवसांत भीती वाटते.

बंधपत्रित डॉक्टर
आत्ताच केंद्रात जाऊन औषध निर्मात्याला साठा विचारून ठेवा, लपवायचं कारण नसतं. चावल्यावर दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, भगताकडे वेळ घालवू नका. पाय हलू न देता थेट दवाखाना.

पावरा मास्तर
डोंगरपायथा भाऊ, तुमचं गाव पेसात, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात, येतं का? नंदुरबारच नाही, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरकडचीही बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या या कायद्याने सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. एकट्याच्या अर्जापेक्षा आजूबाजूच्या पाच-सहा ग्रामसभांचे ठराव घ्या. आरोग्य सेवेवरची लोकाधारित देखरेख २००७ ला राज्यात ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नंदुरबार होता. जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोर बसून उत्तर द्यावं लागायचं, आणि डॉक्टर नेमले गेल्याचं मी बघितलंय. भाऊ, घाबरू नको, आम्ही शेतस.

डोंगरपायथा
गाव पेसातच आहे. ग्रामसभा गुरुवारी लावलीय, शेजारच्या दोन गावांनीही हो म्हटलंय. परत पाठवलेल्या बायांकडे चिठ्ठ्या आहेत का ते आशाताई बघतायत. अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांना, प्रत नाशिकला उपसंचालकांना आणि रुग्ण कल्याण समितीच्या अध्यक्षांना, बरोबर ना? चिठ्ठ्यांवर बायांची नावं आहेत, ती तशीच जोडायची का?

तापीकाठ
बरोबर. आदिवासी विकासचे प्रकल्प अधिकारी आणि आमदारांनाही प्रत द्या. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

निवृत्त परिचारिका
झेरॉक्सवर नावं खोडा, तारीख-वेळ-कारण राहू द्या. मूळ चिठ्ठ्या बायांकडेच ठेवा. आणि दादा, सुरतच्या कागदांचं काय झालं? मला रक्तगट अजून सांगितला नाही.

डोंगरपायथा
मेहुण्यांनी आत्ताच कार्डाचा फोटो पाठवला. बी निगेटिव्ह लिहिलंय.

निवृत्त परिचारिका
मग गुरुवारची वाट बघू नका, उद्याच तिला जिल्ह्याला दाखवा. ग्रामसभा मागे राहिलेली माणसं घेतील. निगेटिव्ह रक्त सहज मिळत नाही, आधी सांगून ठेवलं तर रक्तपेढी सोय करू शकते. मेहुण्यांना विचारा, पहिल्या वेळी बाळाचा गट कोणता होता आणि बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन (निगेटिव्ह आईला पुढच्या खेपेच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून देतात ते) दिलं होतं का, कार्डावर कुठेतरी लिहिलेलं असेल. ओपीडीत गेल्या गेल्या दोन गोष्टी सांगायच्या: आधीचं सिझर आणि निगेटिव्ह गट. इनडायरेक्ट कूम्ब्स तपासणी, म्हणजे आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालीत का ते बघणारी, झाली नसेल तर करायला सांगा. गाडीसाठी १०२ ला आजच फोन करा, नाही आली तर सकाळची एसटी धरा.

डोंगरपायथा
फोन लावतोय. मेहुण्यांनाही विचारतो.