उठसूट यिर्मया 29:11 पाठवणं थांबवा

अबोली:
परवा इथेच कुणीतरी लिहिलं, "युद्ध असो, आजार असो, नोकरी जावो, यिर्मया 29:11 म्हणा. काळजी करणं म्हणजे अविश्वास." खाली आमेनांची रांग. डोकंच फिरलं. बायबलच्या या वचनात देव म्हणतो, तुमच्यासाठी माझे संकल्प हिताचे आहेत. ते हिताचे संकल्प दिसतात, त्याच्या वरचं वचन दिसत नाही? दहाव्यात 70 वर्षं आहेत! यिर्मया संदेष्ट्याचं हे पत्र बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, धरून नेलेल्या यहुद्यांना होतं. ऐकणाऱ्यांतले बरेचसे तिथेच मरणार होते. झटपट सुटका सांगणाराही होता की, खोटा संदेष्टा हनन्या. दोन वर्षांत सगळं परत येईल म्हणाला, यिर्मयाच्या मानेवरचं जू मोडून दाखवलं. त्याचं पुढे काय झालं ते अठ्ठाविसाव्या अध्यायात वाचा. यिर्मया काय सांगतो? घरं बांधा, बागा लावा, त्या नगरासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या नगरासाठी! हे कुणी फॉरवर्ड करत नाही. हनन्याचा माल यिर्मयाच्या नावाने खपवतोय आपण.

शिमोन:
"कुणीतरी" म्हणजे मीच. नाव घ्यायचं होतं सरळ. आई आयसीयूत होती तेव्हा रात्रभर हे एकच वचन तोंडात होतं. तेव्हा काय भाष्यग्रंथ उघडून बसायचं होतं? आई वाचली.

थोमाचा चुलता:
आणि ज्यांची वाचत नाही त्यांचा विश्वास कमी पडला, असंच ना? माझा भाऊ गेला तेव्हा एकाने दारातच "देवाची योजना" सुरू केली. बायबलमधल्या दुःखी ईयोबाला भेटायला आलेले मित्र परवडले, 7 दिवस गप्प तरी बसले. बोलायला लागले आणि शेवटी देवाकडून बोलणी खाल्ली. स्तोत्र 88 अंधारातच संपतं. उपासनेत ऐकलंय कधी?

जागते राहा:
वाद कसले घालताय? मत्तय 24 उघडा, जगाच्या शेवटाची चिन्हं आहेत. युद्धं, दुष्काळ, भूकंप. सगळं डोळ्यांसमोर घडतंय.

एस्तेर:
आलात? सहाव्या वचनातच आहे, एवढ्यात शेवट नाही. अमेरिकन प्रचारक विल्यम मिलरच्या अनुयायांनी येशूच्या परत येण्याची तारीख 22 ऑक्टोबर 1844 ठरवली होती. लोक वाट बघत बसले, दुसऱ्या दिवशी सूर्य उगवलाच.

जागते राहा:
मी तारीख दिली का? मिलर चुकला म्हणून प्रभू चुकला? जागे राहा हे त्याचेच शब्द आहेत.

रानवारा:
1755 ला लिस्बनचा भूकंप सर्व संतांच्या दिवशी झाला. लोक चर्चमध्ये होते, छपरं अंगावर आली. तेव्हाही ज्याने त्याने आपापला अर्थ काढलाच. लूक 13 मधला लोकांवर कोसळलेला शिलोहाचा बुरूज आठवा. मेलेले 18 जण जास्त पापी होते का, येशू स्पष्ट नाही म्हणतो.

जागते राहा:
पुढचं अर्धं वचन गिळलंत. "पश्चात्ताप केला नाही तर" कोण वाचणार?

एस्तेर:
आमच्या ओळखीच्या एकाने शेवट जवळ आला म्हणून मुलीचं कॉलेज बंद केलं. ती आता तिशीत आहे. हा तुमचा जागेपणा! मत्तय 25 मध्ये भुकेल्याला खायला घाला, तुरुंगातल्याला भेटा असं आहे. बातम्या मोजत बसा असं नाही.

जागते राहा:
तो माणूस मूर्ख, कबूल. म्हणून चोविसावा फाडून टाकायचा?

अबोली:
धागा यिर्मयाचा आहे हो! शिमोन, आई बऱ्या झाल्या याचा आनंदच आहे. तुम्ही रात्री स्वतःशी काय म्हणालात त्यावर माझं काही म्हणणं नाही. रडणाऱ्याला अविश्वासी ठरवलंत, त्यावर आहे.

शिमोन:
ते वाक्य काढतो, व्हा खूश. वचन राहील. आणि दहावंही घालतो, 70 वर्षांसकट. बघू किती आमेन येतात.

जागते राहा:
लूक 21:28, "डोकी वर करा, तुमची सुटका जवळ आली आहे", कुणी वाचलंय का इथे?