मदत हवी आहे: मुक्कामाच्या भटकंतीसाठी न मिटणारा चाकू कोणता घ्यावा?

मेरुलिंग
नमस्कार. तंबूतल्या मुक्कामात वापरण्यासाठी मला न मिटणारा, म्हणजे फिक्स्ड ब्लेड प्रकारातला चाकू घ्यायचा आहे. गेले चार दिवस मी ऑनलाइन दुकाने पालथी घालतो आहे आणि शंभर रुपयांपासून पंधरा हजारांपर्यंतचे चाकू पाहून माझा गोंधळ वाढतच चालला आहे. कुठे पोलादाचा उल्लेखच नसतो आणि जिथे असतो तिथे त्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. शनिवारी सकाळी निघायचे आहे, त्यामुळे साताऱ्यातच मिळाला तर उत्तम. मिटणारा चाकू कृपया सुचवू नये, तो विषय माझ्यापुरता संपला आहे. एकच नाव सांगावे ही विनंती.

माहुलीकर
आपली घाई समजते, पण नाव सांगण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात. चाकूने नेमके काय कापणार, मुक्काम कुठे आहे आणि खर्च किती करायचा आहे? भाजी चिरायला आणि दोर कापायला लागणारे पाते वेगळे आणि सरपण फोडायला लागणारे वेगळे. एकाच पात्याकडून दोन्ही कामे करून घ्यायला गेल्यास दोन्हीकडे तडजोड होते.

घाटवाट
माझे उत्तर सरळ आहे: कार्बन पोलादाचा घ्या. माझ्याकडे 1095 पोलादाचा चाकू नऊ वर्षे आहे. धार गेली की साध्या दगडावर पाच मिनिटांत परत येते. स्टेनलेसची धार लावताना जितका वेळ जातो, तितक्यात माझा स्वयंपाक उरकतो. पाते फुल टँगच असावे, म्हणजे पोलादाची पट्टी मुठीच्या टोकापर्यंत गेलेली असावी आणि मुठीच्या दोन्ही बाजूंना रिबिटे दिसावीत.

मिरजवेस
घाटवाट यांच्याशी मी सहमत नाही. ऑगस्टमध्ये कोयनानगरच्या बाजूला मी कार्बन पोलादाचा चाकू नेला होता. रात्री कांदा चिरला, लिंबू कापले, पाते पुसले आणि चामड्याच्या म्यानात घातले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्यानातून काढताना पाते अडकल्यासारखे झाले. धारेलगत तपकिरी ठिपके पडले होते, आणि ते घासून काढल्यावर खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले. चामडे ओल धरून ठेवते आणि आपल्या सह्याद्रीत पावसाळाभर ओल हटत नाही. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असते, त्यामुळे तो गंज टळतो. स्वीडनमधल्या मोरा गावच्या चाकूंना वापरले जाणारे 12सी27 हे स्टेनलेस पोलाद धारेलाही उत्तम आहे. त्या चाकूंतील बऱ्याच प्रकारांत पट्टी मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, तरी लोक ते वर्षानुवर्षे वापरतात. म्हणून फुल टँगचा आग्रह पात्यावर दांडक्याने ठोकून लाकूड चिरणाऱ्यांनी धरावा, इतरांनी नाही.

घाटवाट
दोष पोलादाचा नव्हता, म्यानाचा होता. पाते कोरडे करून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा आणि चाकू चामड्यात कायमचा ठेवायचा नाही, एवढे पाळले की पुरते. खड्डे पडेपर्यंत पाते ओले राहू दिले तर कोणतेही पोलाद काळवंडेल.

ऐरण
मला वाटते, एवढी चर्चा करण्याऐवजी लोहाराकडे जावे. माझे आजोळ शिराळ्याकडचे आहे. तिथल्या लोहाराने ट्रकच्या कमान पाट्यापासून मला चाकू बनवून दिला. पाटा लालबुंद तापवून घडवला, मग तेलात विझवून त्याला पाणी दिले, म्हणजे पोलाद कडक केले. धारेवरून कानस फिरवली तेव्हा ती चावली नाही, काचेवरून घसरावी तशी घसरली. त्यानंतर पात्याची एक बाजू कानशीने उजळली आणि मंद आचेवर ते पुन्हा तापवत नेले. उजळलेल्या भागावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढताच लोहाराने ते बाहेर काढले. हे दुसरे तापवणे राहिले तर पाते काचेसारखे ठिसूळ होते आणि दगडावर आपटताच टवका उडतो. ऊसतोडीचे कोयते ज्या हातांनी घडतात, त्यांना पोलादाचे सगळे काही कळते.

माहुलीकर
लोहाराच्या कसबाबद्दल दुमत नाही. अडचण जाडीची आहे. कमान पाट्याचा चाकू बहुतेक वेळा पाच-सहा मिलिमीटर जाड राहतो आणि त्याने बटाटा कापायला गेले की काप पडण्याऐवजी बटाटा फाटतो. मुक्कामावरच्या नव्वद टक्के कामांना अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचे आणि नऊ ते अकरा सेंटिमीटर लांबीचे पाते पुरते. धागाकर्त्यांनी अजून एकाही प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही.

दुर्गवाटा
चाकूपेक्षा हातकुऱ्हाड घ्यावी असे मी सुचवेन. शेकोटीसाठी लाकूड फोडायला तिच्यासारखे साधन नाही.

मेरुलिंग
मी कुऱ्हाडीबद्दल विचारलेले नाही. आम्ही अकरा जण आहोत, स्वयंपाक गॅसवर आहे आणि लाकूड फोडायचे नाही. भाजी, फळे, दोर आणि पाकिटे एवढेच कापायचे आहे. खर्च दीड हजारापर्यंत. मिटणारा चाकू का नको हेही सांगतो. गेल्या वर्षी माझा भाचा दोर कापत असताना चाकूची कळ सुटली आणि पाते त्याच्या तर्जनीवर मिटले. तीन टाके पडले. चाकू मीच त्याच्या हातात दिला होता, म्हणून या वेळी मला चूक करायची नाही. शनिवारी बामणोलीजवळ जलाशयाच्या काठी खासगी जागेत मुक्काम आहे आणि रविवारी लाँचने वासोट्याला जायचे आहे.

वनराई
वासोटा हे नाव वाचून थांबलो. हे पहिल्या संदेशातच यायला हवे होते. वासोटा कोयना अभयारण्यात आहे आणि ते अभयारण्य 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 31 नुसार अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत चाकूचा नावानिशी उल्लेख आहे. भाजी चिरायचा आहे असे तिथे सांगत बसण्याची वेळ येऊ देऊ नका. चाकू मुक्कामाच्या जागी ठेवावा आणि रविवारचा डबा आधीच तयार करून न्यावा. कुऱ्हाड सुचवणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे की अभयारण्यात लाकूड तोडायला आणि आग पेटवायलाही मनाई आहे.

दुर्गवाटा
मान्य आहे. वासोटा माझ्या लक्षात आला नव्हता, कुऱ्हाडीचा सल्ला मागे घेतो.

मिरजवेस
शनिवारपर्यंत मोरा मागवून हातात पडेल असे वाटत नाही. भांड्यांच्या दुकानात स्वयंपाकाचा लहान, जाड मुठीचा स्टेनलेस चाकू मिळतो, तो या कामाला पुरेसा आहे. खरी उणीव म्यानाची असते. उघडे पाते पिशवीत टाकणे हे मिटणाऱ्या चाकूपेक्षाही वाईट. पीव्हीसी पाइपचा तुकडा गरम करून दोन फळ्यांत दाबला की चपटे, घट्ट म्यान तयार होते. बूड बंद करायला विसरू नका.

मेरुलिंग
वनराई, मनापासून आभार, हे मला खरोखर माहीत नव्हते. मिरजवेस यांचा मार्ग पटतो. तरी ऐरण यांचा चाकूही मनात भरला आहे. शुक्रवारी शिराळ्याला जाऊन आणता येईल का? मी डावखुरा आहे, त्याने काही फरक पडतो का?

ऐरण
फरक पडतो, आणि मोठा पडतो. आमचा लोहार विळ्याप्रमाणे चाकूलाही एकाच बाजूने धार लावतो आणि ती उजव्या हातासाठी असते. डाव्या हातात तोच चाकू धरला की काप सरळ जात नाही, पाते तिरके ओढले जाते आणि त्याला सावरणारी बोटे धारेच्या वाटेत येतात. दोन्ही बाजूंनी समान धार सांगून करून घ्यायला हवी, आणि त्याला एक दिवस पुरणार नाही. माझाच सल्ला असला तरी या फेरीसाठी तो बाजूला ठेवा. पुढे कधी करायचा असेल तर मी स्वतः तुमच्यासोबत लोहाराकडे येईन.

माहुलीकर
दुकानात चाकू टोकाकडून डोळ्यांसमोर धरून पाहा. दोन्ही उतार सारखे दिसले पाहिजेत. मूठ ओल्या हातात धरून पाहा आणि मुठीच्या पुढे बोट अडेल असा उंचवटा असलेलाच घ्या.

मेरुलिंग
आज घेतला. स्टेनलेस, पाते साडेदहा सेंटिमीटर, धार दोन्ही बाजूंनी सारखी, दोनशे ऐंशी रुपये. दुकानदाराकडे पाणी मागून हात ओला केला आणि मूठ आवळून पाहिली, घसरली नाही. पाइपचे म्यान पहिल्यांदा सैल झाले, दुसऱ्यांदा नीट बसले. उलटे धरून झटकले तरी चाकू पडत नाही. भाचाही येतो आहे. रविवारी चाकू बामणोलीतच राहील, पोळीभाजीचे डबे पहाटे भरून घेऊ.