डी अँड डीचे नियम चार पानांत बसवायचे आहेत: काय ठेवायचं, काय गाळायचं?

फोंडा_फासे

नमस्कार मंडळी. फोंड्यात आमचा पाच जणांचा गट आहे, त्यातले तिघे अगदी नवे. डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो, आधार एसआरडी ५.१ चा, म्हणजे मोफत मिळणाऱ्या मूळ नियमांच्या दस्तऐवजाचा. टेबलावर बोलणं कोकणी-मराठीत चालतं, नियम मात्र चारशे पानांच्या इंग्रजी पीडीएफमध्ये. कुणी आडवा पडला किंवा पकडीत सापडला की सगळे मोबाईल काढतात आणि रंगलेली लढाई तिथेच थंडावते.

म्हणून मराठीत चार पानांचं पत्रक करायला घेतलंय. पण प्रत्येक परिच्छेद गरजेचाच वाटतो आणि मसुदा फुगत चाललाय. गाळायचं कशाच्या आधारावर? संज्ञा मराठीत कराव्यात की आहेत तशा ठेवाव्यात? आणि छापायचं कसं, कारण पाऊस लागला की इथे कागद मऊ पडतो. पत्रक नीट झालं तर म्हापसा-मडगावच्या गटांनाही द्यायचं आहे. त्याला परवानगी लागते का?

सत्तरीचा_डीएम

फुगतंय, कारण तुम्ही पुस्तकाचा सारांश काढताय. पुस्तक शिकवण्याच्या क्रमाने लिहिलेलं असतं: आधी वंश, मग क्लास (पात्राचा पेशा), मग साहित्य, आणि लढाई कुठेतरी पुढे. टेबलावर नियम शोधतात तो खेळ अडल्यावर. तेव्हा पत्रकाची मांडणी खेळ कुठे अडतो त्यावरून करा, पुस्तकाची प्रकरणं बाजूला ठेवा.

पुढच्या दोन-तीन बैठकांत डीएमजवळ (खेळ चालवणाऱ्याजवळ) एक कोरा कागद असू द्या. कुणी नियम विचारला की इतकंच टिपायचं: कुणी विचारला आणि तेव्हा काय चालू होतं. त्या यादीत जे येणार नाही त्याला चार पानांत जागा नाही. कॅरेक्टर बनवणं, लेव्हल वाढवणं, साहित्याच्या किमती ही दोन बैठकांच्या मधली कामं आहेत, ती पीडीएफमध्येच राहू देत. चारशे पानांचं दडपण घेऊ नका. त्यातला मोठा वाटा क्लास, मंत्र, जादूच्या वस्तू आणि राक्षसांचा आहे. प्रत्यक्ष खेळताना लागणारे सर्वसाधारण नियम तीसेक पानांतच आहेत.

आता कापायचं कसं ते प्रोनवर, म्हणजे आडवा पडलेल्याच्या नियमावर, पाहा. एसआरडीत हा नियम दोन जागी विखुरलाय: उठण्या-सरपटण्याचा खर्च हालचालीच्या भागात, वारांवरचा परिणाम शेवटी परिशिष्टात. एकत्र आणला की असा होतो (अॅडव्हांटेज म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा, डिसअॅडव्हांटेज म्हणजे लहान):

*प्रोन. फक्त सरपटता येतं, दर फुटाला १ फूट जादा खर्च. उठायला निम्मा वेग. वेग ० असेल तर उठता येत नाही. स्वतःचे वार डिसअॅडव्हांटेजने. याच्यावर ५ फुटांच्या आतून वार अॅडव्हांटेजने, त्याहून लांबून डिसअॅडव्हांटेजने.*

जागा वाचवताना यातलं "वेग ० असेल तर" हमखास उडतं. पण ग्रॅपल झालेल्याचा, म्हणजे पकडीत सापडलेल्याचा, वेग ० असतो, म्हणजे धरून पाडलेला शत्रू पकड सुटेपर्यंत उठूच शकत नाही. फायटरच्या हातातला हा हुकमी डाव आहे. ते चार शब्द गेले की डावच गेला. कॉन्सन्ट्रेशनचंही (मार बसला तरी मंत्र टिकवून धरण्याचंही) तसंच. सेव्हचा (वाईट परिणाम टाळायला टाकायच्या फाशाचा) डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १० किंवा झालेल्या नुकसानाच्या निम्मा, यांपैकी जो मोठा तो. "जो मोठा तो" गाळलं तर ४० नुकसान सोसलेला विझर्डही १० च्या डीसीवर फासा टाकतो, जिथे २० हवा होता. शिवाय प्रत्येक फटक्याला वेगळा सेव्ह, हेही लिहा. वर्णनं कापा, उदाहरणं कापा, तोच मुद्दा पुन्हा सांगणारी वाक्यं कापा. अट, आकडा आणि अपवाद यांना मात्र हात लावू नका.

पानांची वाटणी मी अशी करेन. पहिल्यावर "माझी पाळी": हालचाल, अॅक्शनची यादी, आणि बोनस अॅक्शन ही कुठल्या तरी क्षमतेने, मंत्राने किंवा खेळातल्या दुसऱ्या नियमाने दिली तरच मिळते, एरवी नाही, ही ओळ ठळक. नवे खेळाडू तिथेच सगळ्यात जास्त गोंधळतात. दुसऱ्या पानावर कंडिशन्स (प्रोन, ग्रॅपलसारख्या अवस्था), पंधराच्या पंधरा.

तिसरं पान ० हिट पॉइंटचं (हिट पॉइंट म्हणजे पात्राच्या जीवनशक्तीचा आकडा), आणि इथे कंजुषी नको. पाळीच्या सुरुवातीला डी२० (वीस बाजूंचा फासा), हाच डेथ सेव्ह. १० किंवा जास्त म्हणजे यश, तीन यशांत स्थिर, तीन अपयशांत मृत्यू. १ पडला तर दोन अपयशं, २० पडला तर १ हिट पॉइंट घेऊन शुद्धीवर. पडलेला असताना नुकसान झालं तर एक अपयश, क्रिटिकल (नुकसानाचे फासे दुप्पट असलेला वार) असेल तर दोन. आणि बेशुद्ध माणसाला ५ फुटांच्या आतून लागलेला वार आपोआप क्रिटिकल ठरतो. हे शेवटचं वाक्य मूळ दस्तऐवजात अनकॉन्शस या नोंदीखाली आहे, डेथ सेव्हच्या शेजारी नाही, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक संक्षेपातून निसटतं. मग जवळ उभा गॉब्लिन किती घातक आहे हे टेबलावर कुणाच्या लक्षात येत नाही. उरलेल्या जागेत विश्रांती बसते: छोटी किमान १ तासाची, मोठी ८ तासांची आणि २४ तासांत एकदाच.

चौथं पान डीएमचं. डीसी १०, १५, २०. आडोशाचे +२ आणि +५. पडझडीचं नुकसान दर १० फुटांना १डी६ (सहा बाजूंचा एक फासा), जास्तीत जास्त २०डी६.

मांडवी_वीस

वरच्याशी सहमत. भर एवढीच की पत्रक तयार झालं असं ठरवायचा अधिकार लिहिणाऱ्याला देऊ नका. ज्याने ते लिहिलेलं नाही त्याच्या हातात द्या, प्रसंग सांगा आणि गप्प बसा.

प्रसंग इथलाच घ्या: कुंभारजुव्याच्या कालव्यात कंबरभर पाण्यात पात्र उतरलंय आणि मगरीनं धरलं. एसआरडी ५.१ मधल्या मगरीचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १२, हिट पॉइंट १९, चाव्याला +४, नुकसान १डी१०+२. चावा लागला की भक्ष्य ग्रॅपल होतं, सुटायचा डीसी १२, आणि पकड असेपर्यंत ते रिस्ट्रेन्डही (जखडलेलं) असतं. आता खेळाडूला पत्रकावरून इतकं सापडायला हवं: वेग ०, माझे वार डिसअॅडव्हांटेजने, माझ्यावरचे वार अॅडव्हांटेजने, डेक्सटेरिटी (चपळाईचा) सेव्ह डिसअॅडव्हांटेजने, सुटायला पूर्ण अॅक्शन खर्च करून अॅथलेटिक्स किंवा अॅक्रोबॅटिक्सचा चेक (कौशल्याचा फासा). अर्ध्या मिनिटात हे सापडलं नाही तर दोष पत्रकाचा, खेळाडूचा नव्हे.

याच प्रसंगात आणखी एक खाच दिसते. ग्रॅपलखाली तुम्ही फक्त "दोघांनी समोरासमोर चेक टाकायचा" असं लिहिलं असेल तर खेळाडू मगरीचाही चेक मागेल. राक्षसाच्या नोंदीत सुटायचा डीसी छापलेला असेल तर तोच धरायचा, ही अर्धी ओळ हवीच.

दुसरं जे नेहमी गळतं: अॅडव्हांटेज आणि डिसअॅडव्हांटेज दोन्ही लागू झाले की एकमेकांना रद्द करतात, एका बाजूला तीन कारणं असली आणि दुसरीकडे एकच असलं तरी. बेरीज-वजाबाकी नाही. ही ओळ पहिल्या पानावर, फाशांच्या शेजारी.

आणि पत्रक तुमच्या मोहिमेसाठी आहे हे विसरू नका. कथानक खाजन (बांध घातलेली खारी शेतजमीन), मानशी (तिथला पाण्याचा दरवाजा), फेरीबोट असं पाण्याभोवती फिरणार असेल तर पाण्याखालच्या लढाईचा नियम चौथ्या पानावर घ्या, घोड्यावरची लढाई खुशाल सोडा. पोहण्याचा वेग नसलेल्याचा हातघाईचा वार डिसअॅडव्हांटेजने; डॅगर, जॅव्हलिन, शॉर्टसोर्ड, स्पीअर आणि ट्रायडेंट यांना सूट.

संज्ञांबद्दल: कॅरेक्टर शीटवर जे छापलंय तेच पत्रकावर, देवनागरीत. शीटवर एक शब्द आणि पत्रकावर दुसरा असला की नवा खेळाडू दोन्हींत अडकतो. वाक्यं मात्र आपल्या मराठीतच.

म्हापसा_नियमावली

परवानगीचं सांगतो. एसआरडी ५.१ जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स अॅट्रिब्युशन ४.० परवान्याखाली खुला झाला. संक्षेप, भाषांतर, छपाई, वाटप, अगदी विक्रीसुद्धा चालते. अट श्रेय देण्याची: दस्तऐवजाच्या सुरुवातीला श्रेयाचा मजकूर दिलेलाच आहे, तो जसाच्या तसा छापा आणि तुम्ही संक्षेप व भाषांतर केलंय हे नमूद करा. विकतच्या पुस्तकांतला मजकूर मात्र या परवान्यात येत नाही. एसआरडीत प्रत्येक क्लासची एकच उपशाखा आहे आणि फीट (पात्राचं जादा कसब) फक्त ग्रॅपलर. त्यापलीकडचं काही वाटायच्या पत्रकात घेऊ नका.

याहून जास्त काळजी आवृत्तीची घ्या. एप्रिल २०२५ मध्ये एसआरडी ५.२ आला आणि इंटरनेटवर शोधलं तर दोन्हींची उत्तरं मिसळून येतात. ग्रॅपल ५.१ मध्ये समोरासमोरचा चेक आहे, ५.२ मध्ये पकडला जाणारा सेव्ह टाकतो. सरप्राइज झालेल्याची (बेसावध गाठलेल्याची) ५.१ मध्ये पहिली पाळी वाया जाते, ५.२ मध्ये फक्त इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा फासा) डिसअॅडव्हांटेजने पडतो. एक्झॉशनची (थकव्याची) ५.१ मध्ये सहा पायऱ्यांची तक्ता-यादी आहे, ५.२ मध्ये दर पायरीला डी२० च्या फाशातून २ वजा आणि वेगातून ५ फूट वजा. ही नवी पद्धत एका ओळीत मावते म्हणून ती उचलायचा मोह होतो. तसं करू नका, कारण जुन्या पद्धतीत पहिल्या पायरीला वार करण्यावर काहीच परिणाम होत नाही, नव्यात पहिल्यापासून होतो. खेळाचं वजनच बदलतं. गटाने मुद्दाम ठरवून घेतलं तर ठीक, पण मग "घरचा नियम" असं त्या ओळीपुढे लिहा. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात "५.१" आणि छपाईची तारीख असू द्या.

डिचोली_छपाई

छपाईचं माझ्याकडे. चार पानं म्हणजे ए४ चा एकच कागद, दोन्ही बाजूंनी, मधे दुमडलेला. पण लॅमिनेशन करणार असाल तर दुमडायचं नाही. घडीवर फिल्म फुटते आणि तिथूनच ओल आत शिरते. त्याऐवजी ए४ मधोमध कापून ए५ ची दोन कार्डं करा, दोन्ही बाजूंना मजकूर. "माझी पाळी" आणि कंडिशन्स एका कार्डावर, बाकीचं दुसऱ्यावर.

प्रिंट लेझरच घ्या, इंकजेटची शाई दमट हवेत पसरते. १२५ मायक्रॉनचं पाऊच पुरे. कागद नुकत्या फोडलेल्या रीममधला घ्या आणि छापल्या दिवशीच लॅमिनेट करा. ओल धरलेला कागद गरम रोलरमधून गेला की आत वाफ कोंडून फुगे येतात. कापताना कागदाच्या चारी बाजूंना ३-४ मिमी फिल्म सोडा. दुकानदार नीटनेटकं दिसावं म्हणून कागदाला लागून कापतो, त्याला आधीच सांगा, नाहीतर पावसाळा संपेपर्यंत कडा पांढऱ्या पडून सुटलेल्या असतील. चकचकीत फिल्मवर ट्यूबलाइट चमकते पण मार्करने लिहून पुसता येतं, म्हणून हिट पॉइंट मोजायचं कार्ड चकचकीत, वाचायची मॅट.

अक्षराचा आकार ११ पॉइंटच्या खाली नेऊ नका आणि ओळींमधलं अंतर १.४ पट ठेवा. इंग्रजी ९ पॉइंटला वाचता येतं, आपल्या वरच्या-खालच्या मात्रा आणि जोडाक्षरं तिथे एकमेकांत घुसतात. ठळक अक्षरं भरपूर लागणार, तेव्हा मुक्ता फाँट सोयीचा, त्यात जाड-बारीक सात वजनं आहेत. टिरो देवनागरी मराठी दिसायला फार देखणा, मराठी वळणाचे ल आणि श त्यात आहेत. पण खरं ठळक वजन नाही, आणि सॉफ्टवेअरने ओढूनताणून केलेल्या ठळकपणात अक्षरांची पोटं भरून जातात. दुकानात वर्डची फाइल देऊ नका. त्यांच्या संगणकावर तो फाँट नसला की जोडाक्षरं तुटतात. फाँट आत बसवलेली पीडीएफ द्या.

फोंडा_फासे

देव बरें करूं, सगळ्यांना. कोऱ्या कागदाची कल्पना या रविवारीच सुरू करतो. एक राहिलं: मंत्रांचं काय? आमच्यात एक विझर्ड आणि एक क्लेरिक आहे, आणि मंत्र चार पानांत येणं अशक्य.

सत्तरीचा_डीएम

येऊही नयेत. ज्याचे मंत्र त्याने स्वतः लिहायचे, एका मंत्राला एक छोटं कार्ड. पहिल्या लेव्हलच्या विझर्डच्या वहीत सहाच मंत्र असतात, त्यात कॅनट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे साधे मंत्र) धरून गठ्ठा लहानच राहतो. क्लेरिकला पूर्ण यादी खुली असली तरी त्या दिवशी तयार केलेल्या मंत्रांपुरतीच कार्डं समोर ठेवायची.

कार्डाच्या वरच्या ओळीत क्रम ठरलेला हवा: किती वेळ लागतो, पल्ला, किती काळ टिकतो, कॉन्सन्ट्रेशन आहे की नाही. दुसऱ्या ओळीत फासा कोण टाकतो ते, म्हणजे मी वाराचा टाकतो की समोरचा सेव्ह टाकतो, आणि सेव्ह जमला तर निम्मं नुकसान की शून्य. त्याखाली परिणाम. कॉन्सन्ट्रेशनवाल्या कार्डांच्या कोपऱ्याला लाल ठिपका द्या. लाल ठिपक्याचं एकच कार्ड एका वेळी टेबलावर उघडं राहू शकतं, त्यामुळे दुसरा मंत्र टाकताना पहिला उलटा करावाच लागतो. आणि क्लेरिकच्या गठ्ठ्यावर ५.१ मधली ही ओळ चिकटवा: बोनस अॅक्शनने मंत्र टाकला तर त्याच पाळीत दुसरा मंत्र म्हणून फक्त एका अॅक्शनचं कॅनट्रिप चालतं. हीलिंग वर्ड टाकून लगेच गायडिंग बोल्ट टाकायचा प्रयत्न प्रत्येक नवा क्लेरिक करतोच.