जॉन प्राईन : पहिली तबकडी

गायक-गीतकार क्रिस क्रिस्टोफरसनने उचलून धरलं म्हणून अमेरिकन गायक-गीतकार जॉन प्राईनचं नाव झालं असं म्हणतात, ते खरंय पण अर्धंच. त्याआधी प्राईन शिकागोजवळ पोस्टमन होता, टपाल वाटत चालता चालता गाणी रचायचा, आणि १९७१ साली अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने पहिला एलपी काढला तेव्हा वय फक्त २४!! त्याची पहिली बाजू एकदा सलग ऐकाच. आधी 'हॅलो इन देअर', म्हातारपणाच्या एकटेपणावरचं, मग व्हिएतनामच्या युद्धातून व्यसन घेऊन परतलेल्या सैनिकाचं 'सॅम स्टोन', आणि त्याला लागूनच 'पॅरडाईज', वडिलांच्या केंटकीतलं गाव कोळशाच्या खाणीने कसं गिळलं त्याचं. तीन गाणी एकामागोमाग, मधे उठून सुई उचलावीशीच वाटत नाही. चोविशीतल्या पोराला म्हातारपण इतकं कसं कळलं याचं मला अजून नवल वाटतं.

पुढे मोठ्या कंपन्या सोडून १९८१ मध्ये स्वतःचं 'ओ बॉय' लेबल काढलं, १९९८ च्या कॅन्सरनंतर आवाज खरखरीत झाला तरी गात राहिला. एप्रिल २०२० मध्ये कोविडने गेला. फार वाईट वाटलं होतं तेव्हा.